स्थळ बघायला क्रीटला

मेघासाठी स्थळ बघायला आम्ही आजवर कडेगावला गेलो, कराडला गेलो आणि एकदा म्हसवडलाही गेलो. म्हसवडहून परतताना आमचे सुभेदार गाडीत पाय चोळत म्हणाले होते, "आता ह्याच्यापेक्षा लांब मी जानार न्हाई. पोरीला सांगून ठेव." मी सांगून ठेवलं. पोरीनं ऐकून घेतलं. आणि यंदा दिवाळी झाल्यावर आम्ही दोघं क्रीटला गेलो.

सुभेदार म्हणजे माझे यजमान. फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झाले, तेव्हापासून आमचं सगळं कुंडल गाव त्यांना सुभेदारच म्हणतं. मीही म्हणते, पण ते ऐकत नसतील तेव्हा. समोर 'अहो'.

क्रीट हे ग्रीस देशाचं बेट, भूमध्य समुद्रात आडवं पडलेलं, लांबट. मेघा तिथं ऑलिव्हच्या तेलाचं शास्त्र शिकायला गेली. शेंगतेलावर वाढलेली पोर ऑलिव्ह तेलाच्या चवी ओळखायला शिकतेय, याचं आम्हाला कौतुक होतं. शिक्षण संपलं, तिथल्याच एका तेलाच्या प्रयोगशाळेत नोकरी लागली. मग एका रविवारी ती फोनवर म्हणाली, "आई, मानोली म्हणून एक मुलगा आहे." शेजारी सुभेदार सुपारी कातरत होते. कातरायचा आवाज थांबला.

दोन दिवस घरात रेडिओ सोडून कुणी बोललं नाही. तिसऱ्या दिवशी चहा पिता पिता ते म्हणाले, "घर काय, दार काय, मानसं कशी, काय बघाय नको? फोनवर कोन लगीन ठरवतं व्हय? बघून येऊ."

मी हायस्कूलात भूगोल शिकवला. भूमध्य सागरी हवामान मी इतक्या वेळा शिकवलंय की झोपेतही म्हणून दाखवीन : उन्हाळा कोरडा, पाऊस हिवाळ्यात, ऑलिव्ह, द्राक्षे आणि लिंबूवर्गीय फळे. फक्त ते बघितलेलं नव्हतं. म्हणून मी बॅगेत दोन छत्र्या घातल्या. सुभेदार हसायला लागले. "आगं, नोव्हेंबरात कसली छत्री? लोकं म्हनतील, मास्तरीन येडी हाय." मी म्हटलं, असू दे.

हानिया

हानिया या गावी मेघा राहते. जुनं बंदर आहे, अर्ध्या बांगडीसारखं, टोकाला पिवळट दगडाचा दीपस्तंभ. बंदराच्या कडेनं ओळीनं खानावळी, आणि बहुतेक सगळ्यांच्या खुर्च्या टेबलांवर उलट्या टाकलेल्या. सुभेदारांना वाटलं कर्फ्यू लागलाय.

"बाबा, सीझन संपला," मेघा म्हणाली. "एप्रिल ते ऑक्टोबर पर्यटक. आता सगळे ऑलिव्ह तोडायला गावाकडे गेलेत."

उघड्या असलेल्या एका खानावळीत आम्ही बसलो. वेटर होता एक मिशाळ मनुष्य. मेघानं त्याला काही विचारलं आणि मग आम्हाला सांगितलं, की यांची स्वतःची झाडं आहेत, उन्हाळ्यात ते इथं ताटल्या उचलतात आणि उद्यापासून रजेवर जातायत. सुभेदारांनी त्याच्याकडे पहिल्यांदाच नीट बघितलं. "म्हंजे ह्यांचापन गळीत हंगाम हाय," ते म्हणाले. आपल्याकडे साखर कारखान्याचा बॉयलर पेटला की कुणी कुणाला भेटत नाही, तसंच. आमच्या घरामागचा ऊस अजून उभा होता, तोड धाकट्या दिरांवर सोपवून आलो होतो, आणि ती टोचणी त्यांना विमानातही होती.

समुद्राबद्दल मी काही लिहीत नाही. निळा आहे. त्याच्याकडे पाठ केली, की डोंगरांवर बर्फ पडलेलं दिसत होतं, आणि पायाशी संत्र्यांच्या बागा. बर्फ आणि संत्री एका नजरेत मावतात, हे पुस्तकात एखाद्या ओळीत लिहायला हवं होतं.

दुपारी पाऊस आला. साधासुधा नाही, वळवासारखा आडवा. मी छत्री उघडली. सुभेदार एका दुकानाच्या छपराखाली उभे राहून रस्त्याच्या पलीकडे बघत राहिले. बऱ्याच वेळानं म्हणाले, "दुसरी कुठं हाय?"

मानोलीचं गाव

गावाचं नाव लिहू नको असं मेघानं बजावलंय. डोंगराच्या कुशीत आहे, एवढं पुरे. मानोली आम्हाला न्यायला पिकअप घेऊन आला. उंच, दाढीवाला, शेतीची यंत्रं दुरुस्त करतो. त्यानं हात जोडले आणि म्हणाला, "नमस्कार. जेवलात का?" सकाळचे नऊ वाजले होते. मेघानं शिकवलेलं तेवढंच होतं बहुधा, पण शिकलेलं योग्य होतं. सुभेदारांनी मान हलवली, आणि वाटभर खिडकीतून बाहेर बघत राहिले.

घराच्या दारात मानोलीची आई उभी होती, एलेनी. तिनं माझे दोन्ही गाल चुंबले. मग सुभेदारांकडे वळली. ते सावधान झाले. अक्षरशः. टाचा जुळल्या, हात विजारीच्या शिलाईला. तिनं त्यांचेही दोन्ही गाल चुंबले, आणि सीमेवर कधी न डगमगलेला हा माणूस कानापर्यंत लाल झाला.

मग ती मेघाकडे वळली, तिला न्याहाळलं, कौतुकानं काही बोलली, आणि तिच्या अंगावर तीनदा थुंकली. "फ्तू, फ्तू, फ्तू!"

माझ्या डोक्यात तिडीक गेली. पोरीच्या अंगावर थुंकते? मी पिशवी उचललीच. मेघा हसत म्हणाली, "आई, दृष्ट काढतायत." खरंखुरं थुंकत नाहीत, नुसता आवाज करतात. मीठ-मोहऱ्या ओवाळायला जागा आणि चूल लागते, यांचं काम उभ्याउभ्या होतं. मी पिशवी खाली ठेवली.

घरात आणखी एक माणूस होता, एलेनीचे वडील. ग्रीकमध्ये आजोबांना 'पप्पूस' म्हणतात. सुभेदारांना वाटलं मेघा म्हाताऱ्याला पप्पू म्हणतेय. त्यांनी तिला बाजूला घेऊन दटावलं. पप्पूस खुर्चीत ताठ बसलेले, पांढऱ्या मिशा, काळे बूट गुडघ्यापर्यंत, हातात आकडीची काठी. त्यांची मेंढरं आहेत. मेंढपाळाची काठी मी माणदेशात पाहिली आहे. ही तशीच, फक्त वर कोरीव काम. त्यांनी सुभेदारांना आपादमस्तक बघितलं आणि पहिला प्रश्न विचारला, "मेंढरं किती?"

"एकबी न्हाई," सुभेदार म्हणाले. "ऊस हाय."

मेघानं ऊस समजावून सांगितला. पप्पूसनी ऐकून घेतलं. त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं, की आमचं वजन थोडं घटलेलं आहे.

एलेनीचा नवरा मालवाहू जहाजावर नोकरीला आहे. ग्रीसची कितीतरी माणसं जहाजांवर पोट भरतात, हे मी मुलांना सांगायचे. त्यातल्याच एकाची बायको इथं भांडी घासत होती. तो नाताळला येणार. "वर्षातून किती दिवस घरी असतो?" मी मेघामार्फत विचारलं. एलेनीनं खांदे उडवले आणि हसली. ते हसणं माझ्या ओळखीचं होतं. सुभेदार सियाचीनला असताना 'साहेब कधी येणार' असं कुणी विचारलं, की मी अस्संच हसायचे. त्यानंतर आमचं, म्हणजे माझं आणि एलेनीचं, दुभाष्यावाचून बरंच भागलं.

जेवायला वाढताना तिनं सांगितलं की तिचा उपवास चालू आहे. नाताळच्या आधी चाळीस दिवस मांस, दूध, अंडी वर्ज्य. मला फार बरं वाटलं. माझा सोमवार होता. चला, उपवास करणारी बाई आहे, घर चांगलं आहे. मग तिनं उपवासाचं मुख्य पान पुढं ठेवलं. तेलात, रोझमेरीच्या वासाच्या पाल्यात परतलेल्या गोगलगायी.

"उपवासाला?" मी म्हटलं.

"त्यांच्यात रक्त नसतं, म्हणून चालतात," मेघा शांतपणे म्हणाली. "ऑक्टोपसही चालतो."

सुभेदार जेवताना खाली बघत होते. त्यांचे खांदे हलत होते. मी साबुदाण्यावाचून उकडलेले बटाटे आणि संत्री खाऊन सोमवार पार पाडला. दुसऱ्या दिवसापासून मात्र रानातल्या हिरव्या भाज्या मिळाल्या, उकडून, वर तेल-लिंबू. एक तर आपल्या पाथरीसारखी कडसर. मी तीन वेळा मागून घेतली. एलेनीनं तिचं नाव सांगितलं, मी पाथरी म्हणाले, दोघींनी मान डोलावली.

तोड

ऑलिव्हची तोड म्हणजे झोडपणी. झाडाखाली काळी जाळी अंथरायची, मोटारवरच्या फिरत्या दांड्यानं फांद्या झोडपायच्या, फळं टपटप पडतात. फळ बोरापेक्षाही लहान. मी एक तोंडात टाकलं, कडूजहर, आणि दिवसभर पस्तावले.

सुभेदार पाहुणे म्हणून कट्ट्यावर बसवले गेले होते. अर्ध्या तासात उठले. बाह्या सरसावल्या आणि जाळीचं एक टोक धरलं. पप्पूसनी दुसरं. दोघं एकमेकांच्या चुका काढायला लागले, एक मराठीत, एक ग्रीकमध्ये, आणि दोघांनाही दुसऱ्याचं म्हणणं साफ अमान्य होतं.

शेजारच्या बागेत तोडणारी टोळी पंजाबी निघाली. सुभेदारांनी फौजेतल्या पंजाबीत हाक मारली, तर चहाचा थर्मास घेऊन चौघं धावत आले. गावात तोडायला माणसं नाहीत, ते सांगत होते, म्हणून आम्ही. सुभेदार चहा प्यायले, आणि कप परत देताना त्यांनी गावाकडे वळून बघितलं.

संध्याकाळच्या आधी पोती घेऊन घाण्यावर गेलो. घाणा कसला, चकाचक कारखाना. पण आत शिरल्यावर गुऱ्हाळाची कळा. शेतकरी आपापल्या पोत्यांवर नजर ठेवून उभे, कुणाला तेलाचा उतारा किती यावर कुजबूज, कोपऱ्यात शेगडीवर पाव भाजतायत. नळीतून तेल आलं, हिरवं गर्द. भाजक्या पावावर ओतून दिलं. घशाला मिरचीसारखं लागतं. मेघा म्हणाली, तेच चांगल्या तेलाचं लक्षण. सुभेदार खोकले, डोळे पुसले, आणि दुसरा पाव मागितला.

इतकं सगळं छान चाललं होतं. पण मला माझा माणूस माहीत आहे. सकाळी फिरून येताना रोज ते काहीतरी मनात साठवून आणत होते.

रविवार

रविवारी सगळे जेवायला बसले. एलेनीच्या चुलतबहिणी, शेजारी, गावचे पाद्री. मेघा पाव आणायला आत गेली होती. तेवढ्यात पप्पूस उठले. हातात छोटा पेला, द्राक्षाच्या चोथ्याची दारू, पाण्यासारखी दिसते पण पाणी नव्हे. त्यांनी मानोलीकडे बोट दाखवलं, मेघाच्या रिकाम्या खुर्चीकडे दाखवलं, आपली दोन बोटं एकमेकांशेजारी धरली, आणि सुभेदारांकडे बघत थांबले.

याला भाषा लागत नाही. सुभेदारांनी पेला खाली ठेवला. त्यांना वाईट वाटत होतं, मला दिसत होतं. मान खाली घालून ते हळूच म्हणाले, "नै."

एकच गिल्ला झाला. खुर्च्या सरकल्या, बायकांनी टाळ्या पिटल्या, पाद्रीबुवांनी सुभेदारांचा हात धरला, पप्पूसनी त्यांना मिठी मारून दोन्ही गाल चुंबले. एक शेजारी अंगणात गेला आणि बंदुकीचा बार काढला. क्षणात सुभेदारांनी मला टेबलाखाली ढकललं आणि स्वतः माझ्यावर आडवे झाले. वरून पाहुण्यांचा जल्लोष आणखी वाढला.

टेबलाखालून मला मेघाचे पाय दिसले. पावाची टोपली हातात घेऊन ती दारात थिजली होती.

ग्रीकमध्ये 'हो'ला 'नै' म्हणतात. इतके दिवस 'नै, नै' करूनही सुभेदारांच्या ताटात वाढणं का थांबत नव्हतं, याचा उलगडा मला तिथं, टेबलाखाली, झाला.

मेघा वळली आणि मागच्या दारानं संत्र्याच्या झाडांत निघून गेली. मी मागोमाग.

"बाबा नाही म्हणाले ना?" तिनं विचारलं. ती रडत होती आणि मधूनच हसू येत होतं. "आई, आत सगळे मिठाई वाटतायत गं."

सुभेदार मागून आले. टोपी हातात. "मी बोललोय, मीच निस्तारतो," ते म्हणाले. "पन उद्या. आज लोकांचं जेवान नासवायचं न्हाई. आन् मेघा, सांगायला तूच पायजेस. माझं बोलनं दुसऱ्या कुनी फिरवलेलं मला नको."

मेंढवाड्यात

दुसऱ्या दिवशी पाऊस लागून राहिला होता. पप्पूस वर मेंढवाड्यात होते. मानोलीनं आम्हाला पिकअपनं सोडलं आणि तो गाडीपाशीच थांबला. काल मेघा जेवली नव्हती, त्यावरून त्याला कळायचं ते कळलं होतं.

दगडी भिंत, वर पत्रा, आत ओल्या लोकरीचा वास. पप्पूस एका मेंढीचा खूर बघत होते. सुभेदार उभ्यानंच बोलले, एक एक वाक्य, मेघाकडे न बघता. आणि मेघा, आपल्याच लग्नाचा नकार, खाली मान घालून ग्रीकमध्ये सांगत होती.

"काल माझ्या तोंडातनं गेलं त्याचा अर्थ आमच्यात उलटा हाय. चूक कुनाचीच न्हाई. मानसं तुमी चांगली हायसा, पोरगा कामाचा हाय. पन मी रोज सकाळी गाव फिरतो. निम्म्या घरांना कुलपं. शाळंला कुलूप. तोडाय पंजाबातनं मानूस आनताय. जितनं सगळी निघून गेली, तितं मी माझी पोरगी आनून सोडू? आन् तिला उद्या काय झालं, तर मी कुंडलास्नं कवा पोचनार?"

शेवटचं वाक्य मेघाला दोनदा म्हणावं लागलं.

पप्पूसनी मेंढीचा पाय सोडला. ती पळाली. मग ते काठीवर दोन्ही हात ठेवून बोलायला लागले, आणि मेघा आता त्यांचं मराठीत सांगू लागली.

"त्या कुलपांतली दोन माझ्या पोरांची आहेत. एक मुलगा, एक मुलगी, दोघं ऑस्ट्रेलियात. त्यांच्या किल्ल्या माझ्याकडे आहेत. रोज जाऊन खिडक्या उघडतो, घराला कोंदट वास लागू नये म्हणून." ते थांबले. "तू मला भीती सांगतोस. मी ती भीती म्हातारा होईपर्यंत जगलोय. बरी होत नाही. पण माझ्या पोरांनी जाताना मला विचारलं नव्हतं, सांगितलं होतं. तुझी पोरगी तुला विचारते आहे. इतक्या लांबून तुम्हाला बोलावून विचारते आहे."

सुभेदारांनी टोपी काढली आणि तिच्यावरचं पाणी झटकलं.

"आणि मीही मानोलीला आधी नकोच म्हणालो होतो," मेघा पुढं सांगत होती, आणि इथं तिला जरा हसू फुटलं. "मला वाटलं, ही पोरगी त्यालाच हिंदुस्थानात घेऊन जाणार. आणि तिच्या बापाकडे एकही मेंढरू नाही."

पत्र्यावर पाऊस वाजत होता. मी छत्री मिटून उभी होते. मला वाटलं होतं मी आईच्या नात्यानं काहीतरी बोलेन, मध्यस्थी करेन. बोलण्यासारखं काही राहिलंच नव्हतं. सुभेदारांनी विचारलं, "खिडक्या रोज उघडतो म्हनं?"

"रोज," मेघा म्हणाली.

खिडक्या

दुसऱ्या दिवशी पाऊस थांबला. सकाळी मी वरच्या खोलीतून केस विंचरत बाहेर बघत होते, तर समोरच्या बंद घराच्या निळ्या खिडक्या एकेक करून उघडत होत्या. एका खिडकीतून पप्पूसची काठी आली, दुसरीतून सुभेदारांचे हात. एक झडप अडकली होती. सुभेदारांनी आतून खांदा लावला, पप्पूसनी आरडाओरडा केला, झडप उघडली आणि तिच्यावरची धूळ दोघांच्या डोक्यावर पडली. दोघं खिडकीत उभे राहून खोकत होते. मग तसेच बराच वेळ उभे राहिले, समोरच्या डोंगराकडे बघत. एलेनी माझ्या मागे येऊन उभी राहिली. तिनं माझ्या हातातला कंगवा घेतला आणि माझे केस विंचरू लागली. आईनंतर माझे केस कुणी विंचरले नव्हते.

हो-नाही काहीच झालं नव्हतं, तरी त्या दिवसापासून घरात कुणी विचारलं नाही. एलेनीनं गावाला काय सांगितलं मला माहीत नाही. आम्ही राहिलेले दिवस ऑलिव्ह झोडपले. सुभेदारांनी मानोलीकडून दांडा मागून घेतला आणि त्याचं मशीन बंद पडल्यावर दोघं मिळून ते उघडून बसले. मानोली 'जेवलात का'च्या जोडीला 'पाना' आणि 'ढिला हाय' एवढं शिकला.

निरोप

विमानतळावर एलेनी आली होती, मानोली होता, मेघा होती. पप्पूस मेंढरं सोडून येत नाहीत. त्यांनी सुभेदारांसाठी तेलाचा डबा पाठवला होता, आणि तो सामानात बसेना. तिकिटं, पासपोर्ट, पाण्याची बाटली, सगळं मेघाचं तीनतीनदा तपासून झालं.

सुभेदार आत जायला निघाले, आणि दाराशी पोचून परत फिरले. मानोलीसमोर जाऊन उभे राहिले. त्यांच्या खणखणीत, परेडच्या आवाजात म्हणाले, "मे महिन्यात या. घरामागचा ऊस तवा गेलेला असतो. मांडवाला जागा ऐसपैस हाय. म्हाताऱ्यालापन आना. मेंढरं काय, ती चार दिस शेजारी बघतील."

मानोलीला एकही शब्द कळला नाही. त्यानं मेघाकडे बघितलं, पण मेघा बापाच्या गळ्यात पडली होती आणि सुभेदार भर विमानतळावर, सावधान न होता, तिच्या डोक्यावरून हात फिरवत होते. एलेनी तिघांवर फ्तू फ्तू करत होती.

"काय म्हणाले?" मानोलीनं मला इंग्रजीत विचारलं.

मी जमेल तसं सांगितलं, की ते उसाबद्दल बोलतायत. त्याचा चेहरा पडला. मग म्हटलं बिचाऱ्याला छळायला नको, आणि मांडव म्हणजे काय ते समजावून सांगायला लागले.